दुहेरी टेनिसची कारकीर्द : कसब सिद्ध, उपजीविका अधांतरी

२०२५ हे वर्ष दुहेरी टेनिससाठी दोन घटनांमुळे लक्षात राहील. ऑगस्टमध्ये अमेरिकन ओपनच्या आयोजकांनी मिश्र दुहेरी मुख्य पंधरवड्याच्या बाहेर काढली, एकेरीतली बडी नावे तिच्यात उतरवली आणि दोन दिवसांत स्पर्धा आटोपली. १ नोव्हेंबरला रोहन बोपण्णाने निवृत्ती जाहीर केली. चाळिशी ओलांडल्यावर जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोहोचलेला हा खेळाडू आयुष्यभर ओळखला गेला तो दुहेरीमुळेच.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की गेली वीस वर्षे चाललेल्या वादाचा गाभा दिसतो. केवळ दुहेरी खेळून व्यावसायिक टेनिसमध्ये पूर्ण कारकीर्द घडवता येते का? येत असेल, तर ती टिकवण्याची जबाबदारी कोणाची? ‘दुहेरी लोकप्रिय आहे की नाही’ एवढ्यावरच ही चर्चा बऱ्याचदा थांबते. प्रत्यक्षात तिच्यात निदान तीन वेगळे प्रश्न आहेत : कसबाचा, पैशाचा आणि स्पर्धेतल्या प्रवेशाचा. ते सुटे करून पाहिले, तर कुठे एकमत झाले आहे आणि कुठे गाठ अजून सुटलेली नाही, हे कळते.

वेगळा खेळाडू घडला कसा

१९६८मध्ये व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या, तेव्हा दुहेरीचा स्वतंत्र खेळाडू अशी कल्पनाच नव्हती. जो एकेरीत मोठा, तो दुहेरीतही मोठा. ऑस्ट्रेलियाच्या जॉन न्यूकोम्ब आणि टोनी रोश यांनी जोडीने १२ ग्रँडस्लॅम विजेतेपदे मिळवली आणि दोघेही एकेरीचे ग्रँडस्लॅम विजेते होते. पुढच्या पिढीत जॉन मॅकेन्रोने पीटर फ्लेमिंगच्या साथीने सात ग्रँडस्लॅम जिंकली. दुहेरी हाच त्याचा सराव आहे, असे त्याच्याबद्दल म्हटले जाई. स्टीफन एडबर्ग एकेरी आणि दुहेरी अशा दोन्ही क्रमवारींत पहिल्या स्थानावर पोहोचला. महिलांमध्ये मार्टिना नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर यांनी १९८३ ते १९८५ या काळात सलग १०९ सामने जिंकले. त्याच काळात नवरातिलोवा एकेरीचीही सम्राज्ञी होती.

मग वाटा वेगळ्या झाल्या. एकेरीतली बक्षिसे वाढत गेली आणि त्या तुलनेत दुहेरीचे आकर्षण घटले. ग्रँडस्लॅममध्ये पुरुषांना एकेरीचे पाच सेटचे सामने खेळावे लागतात. बेसलाइनवरच्या लांबलचक रॅलींमुळे त्या सामन्यांत शरीराची झीज वाढली आणि दुहेरीसाठी ताकद राखणे अवघड झाले. एकेरीतले अव्वल खेळाडू हळूहळू दुहेरीतून बाहेर पडले आणि रिकाम्या झालेल्या जागेत वेगळा खेळाडू उभा राहिला.

हा बदल तीन जोड्यांच्या तुलनेत स्पष्ट दिसतो. न्यूकोम्ब आणि रोश एकेरीचे विजेते होते. टॉड वुडब्रिज आणि मार्क वुडफोर्ड या ऑस्ट्रेलियन जोडीने ११ ग्रँडस्लॅम आणि १९९६चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. दोघांचीही एकेरीतली सर्वोत्तम क्रमवारी १९ होती, म्हणजे एकेरीत ते चांगले खेळाडू होते, महान नव्हते. त्यांच्यानंतर आलेल्या बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांनी जोडीने १६ ग्रँडस्लॅम आणि ११९ विजेतेपदे मिळवली. पुरुषांच्या दुहेरीत कोणत्याही जोडीने एवढे यश मिळवलेले नाही. एकेरीत मात्र दोघांपैकी एकही कधी पहिल्या शंभरात आला नाही. ब्रायन बंधूंनंतर ‘दुहेरीचा खेळाडू’ हा स्वतंत्र पेशा मानला जाऊ लागला.

कसब कशात आहे

या पेशावरचा जुना आक्षेप असा, की एकेरीत जमले नाही म्हणून हे खेळाडू दुहेरीत आले. अनेकांच्या बाबतीत सुरुवात तशीच झाली, हे खरे आहे. पण सुरुवात कशामुळे झाली यावरून कसबाची किंमत ठरत नाही. ती कोर्टावर पाहावी लागते.

दुहेरीचे कोर्ट ३६ फूट रुंद असते, एकेरीचे २७ फूट. जागा एक तृतीयांशाने वाढते, पण ती राखायला दुप्पट माणसे असतात. त्यामुळे एकेरीतला हुकमी फटका इथे अनेकदा कुचकामी ठरतो. बेसलाइनवरून मारलेला, भरपूर टॉपस्पिन घेऊन नेटच्या बराच वरून जाणारा चेंडू एकेरीत सुरक्षित असतो. दुहेरीत नेटवर उभ्या असलेल्या खेळाडूसाठी तो आयता घास असतो.

एक निर्णायक गुण जवळून पाहू. गेम ४०-४० वर आला आहे. दौऱ्यावरच्या नियमानुसार इथे अ‍ॅडव्हांटेज नसतो. पुढचा गुण जो जिंकेल, त्याचा गेम. सर्व्हिस दोघांपैकी कोणी परतवायची, हे परतवणारी जोडी ठरवते. समोर सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटजवळ, कोर्टाच्या मधोमध, डोके नेटच्या पट्टीखाली जाईल इतका खाली वाकला आहे. पाठीमागे घेतलेल्या हाताच्या बोटांनी त्याने जोडीदाराला दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत : सर्व्हिस कुठे टाकायची आणि ती पडताच आपण कोणत्या बाजूला झेपावणार. दुसरी बाजू झाकायची जबाबदारी सर्व्हिस करणाऱ्याची. सर्व्हिस मधल्या रेषेलगत पडते, कारण तिथून परतीच्या फटक्याला कोन कमी मिळतो. परतवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात : पुढे धावत येणाऱ्या सर्व्हरच्या पायांशी चेंडू टाकणे, नेटवाल्याने सोडलेल्या गल्लीतून सरळ फटका मारणे किंवा दोघांच्या डोक्यावरून लॉब उचलणे. नेटवाला क्षणभर लवकर हलला तर त्याची बाजू उघडी पडते. क्षणभर उशिरा हलला तर चेंडू निघून जातो. एवढे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते आणि चौघांनाही एकमेकांचा अंदाज घेऊनच खेळावे लागते.

हे कसब एकेरीपेक्षा किती वेगळे आहे, याचे ठळक उदाहरण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळाले. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन एकेकाळी एकेरीत ३९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता, पण बराच काळ तो दुहेरीच खेळत होता. ऐनवेळी रिकाम्या झालेल्या जागेवर त्याला एकेरीत उतरावे लागले आणि नोव्हाक जोकोविचने त्याला ६-०, ६-१ असे हरवले. त्यानंतर आठवड्याभरातच एब्डनने जॉन पीअर्सच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत ऑस्टिन क्रायचेक आणि राजीव राम या दुहेरीतल्या मुरलेल्या जोडीने राफेल नदाल आणि कार्लोस अल्काराझ यांना सरळ सेटमध्ये बाहेर काढले.

दुसऱ्या बाजूची उदाहरणेही नोंदवायला हवीत. २०१४मध्ये जॅक सॉक आणि वासेक पॉस्पिसिल पहिल्यांदाच एकत्र खेळत होते आणि त्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ब्रायन बंधूंना हरवले. निक किरियोस आणि थानासी कोक्किनाकिस यांनी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या निमंत्रणावर, येऊन २०२२ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. रॉजर फेडरर आणि स्टॅन वावरिंका यांनी २००८चे ऑलिंपिक सुवर्ण मिळवताना उपांत्य फेरीत ब्रायन बंधूंनाच नमवले. उत्तम सर्व्हिस आणि जोरकस परतीचे फटके असलेले एकेरीचे खेळाडू एखादी स्पर्धा मारून नेऊ शकतात, एवढे यातून सिद्ध होते. वर्षभर, वेगवेगळ्या कोर्टांवर सातत्याने जिंकणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांनी २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे अमेरिकन ओपन जिंकली. १९६८नंतर पुरुषांच्या दुसऱ्या कोणत्याही जोडीला ते जमलेले नव्हते. कसबाच्या प्रश्नावर आज जाणकारांत फारसे मतभेद उरलेले नाहीत.

पैसा आणि प्रवेश

खरी अडचण इथून सुरू होते. २०२५च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ५० लाख डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला १० लाख, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एकेरीच्या दशांश. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला एकेरीत १ लाख १० हजार डॉलर होते, दुहेरीत जोडीला ३० हजार. ही झाली जगातल्या सर्वांत श्रीमंत स्पर्धांपैकी एकीची गोष्ट. खालच्या पायऱ्यांवर, चॅलेंजर आणि आयटीएफ स्पर्धांमध्ये, रक्कम इतकी लहान असते की जिंकलेल्या आठवड्यातही विमानभाडे आणि हॉटेलचा खर्च वजा जाता हाती फारसे काही राहत नाही. प्रशिक्षक आणि फिजिओचा खर्च दोघांत वाटून घेणाऱ्या जोड्या म्हणूनच दौऱ्यावर सर्रास दिसतात.

२०२४मध्ये एटीपी या पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्याच्या संघटनेने एकेरीतल्या पहिल्या २५० खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली. कमाई ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पडली तर फरक संघटना भरून देते. योजनेचे स्वागत झाले, पण तिचा आधार एकेरीची क्रमवारी हाच आहे. केवळ दुहेरी खेळणारा तिच्या बाहेर राहतो.

प्रवेशाचे गणित याहून नाजूक आहे. दौऱ्यावरच्या दुहेरीच्या ड्रॉमध्ये एकेरीपेक्षा कमी जागा असतात. बहुतेक लहान स्पर्धांत फक्त १६ जोड्या घेतल्या जातात. दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून जोडीचे स्थान ठरते आणि बेरजेसाठी प्रत्येक खेळाडू आपली एकेरीची किंवा दुहेरीची, जी चांगली असेल ती क्रमवारी वापरू शकतो. म्हणजे एकेरीत तिसाव्या क्रमांकावर असलेला, पण दुहेरी क्वचितच खेळणारा खेळाडू ऐनवेळी नाव नोंदवून दुहेरीच्या ऐंशीव्या खेळाडूची जागा घेऊ शकतो. उलट दिशेने हे शक्य नाही, कारण दुहेरीच्या क्रमवारीवर एकेरीत प्रवेश मिळत नाही.

यामुळे दुहेरीच्या खेळाडूचे आयुष्य सतत जोडीदाराच्या शोधात जाते. जोडीदार जखमी झाला, त्याची क्रमवारी घसरली किंवा त्याला आपल्याहून चांगला साथीदार मिळाला, की पुढच्या आठवड्याचे सगळे नियोजन कोसळते. लिअँडर पेस आपल्या कारकिर्दीत शंभराहून अधिक जोडीदारांबरोबर खेळला. २०१८मध्ये बॉब ब्रायनला कंबरेच्या सांध्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसावे लागले, तेव्हा माइकला दुसरा साथीदार शोधावा लागला. जॅक सॉकच्या साथीने त्याने त्या वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली, पण अशी सोय सगळ्यांच्या नशिबी नसते.

या सगळ्याच्या बदल्यात दुहेरी एक मोठी गोष्ट देते : कारकिर्दीची लांबी. धावपळ विभागली जाते आणि अनुभवाला किंमत येते. कॅनडाचा डॅनियल नेस्टर चाळिशी ओलांडून खेळत राहिला आणि दुहेरीत हजारांहून अधिक सामने जिंकून गेला. बोपण्णाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, त्याकडे पुढे येऊ.

वीस वर्षांतले बदल

आजच्या वादाची सुरुवात २००५पासून धरता येते. दुहेरीचे सामने लहान करायचे, सेट सहाऐवजी पाच गेमचा करायचा आणि पुढे एकेरी खेळणाऱ्यांना प्रवेशात प्राधान्य द्यायचे, अशी योजना त्या वर्षी एटीपीने मांडली. दुहेरीच्या खेळाडूंनी अमेरिकेतल्या न्यायालयात दाद मागितली आणि त्यात ब्रायन बंधूही होते. अखेर तडजोड झाली. सेट सहा गेमचाच राहिला, पण २००६पासून दौऱ्यावर अ‍ॅडव्हांटेज रद्द झाला आणि तिसऱ्या सेटच्या जागी दहा गुणांचा टायब्रेक आला.

या तडजोडीचा परिणाम दुहेरी आहे. सामन्याचा कालावधी आवाक्यात आल्यामुळे वेळापत्रक आखणे सोपे झाले आणि एकेरीचे काही खेळाडू पुन्हा दुहेरीत दिसू लागले. मात्र एका गुणावर गेम आणि दहा गुणांवर सामना ठरू लागल्याने वरचढ जोडीला आपले वर्चस्व सिद्ध करायला वेळ कमी मिळतो, अशी खेळाडूंची तक्रार राहिली. विम्बल्डनने पुरुष दुहेरीत पाच सेटची पद्धत बराच काळ जपली. २०२३मध्ये तिथेही तीन सेट आले.

२०२४मध्ये माद्रिदच्या मास्टर्स स्पर्धेपासून एटीपीने आणखी काही बदल आजमावले. दोन गुणांमधला वेळ कमी केला, सामना सुरू असताना प्रेक्षकांना ये-जा करण्याची मोकळीक दिली, स्पर्धा आठवड्यातल्या कमी दिवसांत बसवली आणि एकेरीच्या क्रमवारीवर येणाऱ्या जोड्यांसाठी जास्त जागा ठेवल्या. पहिल्या तीन बदलांबद्दल फारशी कुरबुर झाली नाही. चौथ्याने जुनी जखम पुन्हा उघडी केली.

२०२५चा अमेरिकन ओपनचा प्रयोग याच्या कितीतरी पुढे गेला. मिश्र दुहेरीत ३२ऐवजी १६ जोड्या ठेवल्या. त्यातल्या आठ एकेरीच्या एकत्रित क्रमवारीवर आणि आठ वाइल्ड कार्डने आल्या. अंतिम सामना वगळता सेट चार गेमचे होते. विजेत्या जोडीचे बक्षीस आदल्या वर्षीच्या २ लाख डॉलरवरून १० लाखांवर गेले. जोकोविच, अल्काराझ, श्वियाँतेक अशी नावे उतरली, मोठी स्टेडियम भरली आणि दूरचित्रवाणीवर सामने झळकले. गतविजेत्या सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावास्सोरी यांनी या बदलावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. तेच वाइल्ड कार्डवर आले आणि अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेक व कॅस्पर रूड यांना हरवून पुन्हा जिंकले. या निकालाचा दाखला दोन्ही बाजू आजही देतात.

तीन भूमिका

पहिली भूमिका आयोजकांची. त्यांच्या मते स्पर्धेचा खर्च तिकिटे, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांतून निघतो आणि प्रेक्षक येतात ते ओळखीच्या चेहऱ्यांसाठी. दुहेरीच्या जोड्यांची निवास-भोजनाची व्यवस्था आणि कोर्ट पुरवूनही बाजूच्या कोर्टांवर तुरळक प्रेक्षक असतील, तर तो पैसा कुठून आणायचा? एकेरीतली नावे दुहेरीत आली तर प्रेक्षक वाढतील, बक्षिसे वाढतील आणि शेवटी फायदा दुहेरीचाच होईल. अमेरिकन ओपनची भरलेली स्टेडियम हा त्यांचा पुरावा आहे. हा युक्तिवाद निव्वळ व्यापारी म्हणून झटकून टाकता येत नाही. व्यावसायिक खेळ प्रेक्षकांवरच चालतो.

दुसरी भूमिका दुहेरीच्या खेळाडूंची. ते म्हणतात, आमचे सामने मुख्य कोर्टावर लावले जात नाहीत, प्रक्षेपण क्वचितच होते, आमची ओळख करून दिली जात नाही आणि मग आम्हाला कोणी ओळखत नाही हे आमच्याच विरोधात वापरले जाते. ब्रायन बंधूंच्या सामन्यांना गर्दी होत असे, कारण त्यांना सातत्याने लोकांसमोर आणले गेले. शिवाय क्लबांमध्ये हौसेने टेनिस खेळणाऱ्या मोठ्या वर्गाचा खेळ दुहेरीचाच असतो. त्यांना आपला खेळ उत्तम प्रकारे खेळला जाताना पाहायला आवडणार नाही, असे कशावरून गृहीत धरायचे? आणि ग्रँडस्लॅमचे विजेतेपद गुणवत्तेवर मिळणाऱ्या प्रवेशातूनच ठरले पाहिजे. निमंत्रणावर चालणाऱ्या स्पर्धेला तेच नाव देणे योग्य नाही.

तिसरी भूमिका मधल्या वाटेची आहे. एकेरीच्या खेळाडूंना दुहेरीत आणावे, पण ते वेळापत्रक आणि बक्षिसांच्या आमिषाने. क्रमवारीतल्या सवलतीने नव्हे. ड्रॉमधल्या बहुतेक जागा दुहेरीच्या क्रमवारीवर भराव्यात आणि थोड्या जागा निमंत्रणासाठी ठेवाव्यात. नावे आली तर दुहेरीच्या खेळाडूलाही मोठे कोर्ट मिळते आणि त्यांना हरवून नाव कमावण्याची संधी मिळते, असे या बाजूचे म्हणणे आहे.

महिला टेनिसने या चर्चेत वेगळा धडा घालून दिला आहे. तिथे एकेरी आणि दुहेरीतली भिंत इतकी उंच कधीच नव्हती. सेरेना आणि व्हीनस विल्यम्स यांनी जोडीने १४ ग्रँडस्लॅम जिंकली. बार्बोरा क्रेइचिकोव्हा आधी दुहेरीची खेळाडू म्हणून नावाजली आणि नंतर तिने एकेरीत २०२१ची फ्रेंच ओपन व २०२४चे विम्बल्डन जिंकले. कोको गॉफ दुहेरीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ग्रँडस्लॅममध्ये महिलांची एकेरी तीन सेटची असते, त्यामुळे दोन्ही खेळणे शरीराला झेपते, हे त्यामागचे एक कारण. दुहेरीमुळे नेटवरचा खेळ सुधारतो हे प्रशिक्षकांना पटलेले असणे, हे दुसरे.

भारताचा अनुभव

या प्रश्नात भारताइतका जवळचा अनुभव असलेले देश थोडे आहेत. १९६६मध्ये मेलबर्नला झालेल्या डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत भारत ऑस्ट्रेलियाकडून ४-१ने हरला. तो एकमेव गुण दुहेरीतला होता : रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोम्ब-रोश जोडीला नमवले होते.

१९९७मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसह फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली आणि तो ग्रँडस्लॅम विजेता पहिला भारतीय ठरला. १९९९मध्ये पेस आणि भूपती चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि त्यांपैकी फ्रेंच ओपन व विम्बल्डन त्यांनी जिंकली. पेसची नेटवरची चपळाई आणि भूपतीचा भक्कम बॅकहँड एकमेकांना पूरक होते. मूळच्या गोव्याच्या पेस घराण्यातल्या लिअँडरने पुरुष आणि मिश्र दुहेरी मिळून १८ ग्रँडस्लॅम जिंकली, भूपतीने १२. या जोडीचे बिनसणे आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या निवडीवरून झालेला वाद हाही या इतिहासाचा भाग आहे. दुहेरीत दोघांचे जमणे हेच मोठे भांडवल असते, हे त्यातून साऱ्या देशाला दिसले.

सानिया मिर्झा एकेरीत २७व्या क्रमांकापर्यंत गेली होती. दुखापतींनी शरीर साथ देईना, तेव्हा तिने सगळे लक्ष दुहेरीवर केंद्रित केले. २०१५मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली आणि मार्टिना हिंगिसच्या साथीने तिने सलग तीन ग्रँडस्लॅम जिंकली. बोपण्णाच्या गुडघ्यातली कूर्चा झिजून गेली होती आणि २०२१च्या सुरुवातीला हरत राहिल्याने त्याने खेळ सोडण्याचा विचार केला होता. अय्यंगार योगाने त्याला पुन्हा उभे केले, असे तो आवर्जून सांगतो. बी. के. एस. अय्यंगार यांनी ही पद्धत पुण्यात राहून जगभर नेली. जानेवारी २०२४मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, बोपण्णाने एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि तो दुहेरीत पहिल्या स्थानावर पोहोचणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला.

महाराष्ट्राचे धागेही या कहाणीत आहेत. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यातल्या बालेवाडीच्या संकुलात एटीपी दौऱ्याची स्पर्धा भरत असे. बोपण्णाने तिथे २०१९मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर दुहेरी जिंकली. बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने २०१४च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सानियासह कांस्यपदक मिळवले आणि रिओ ऑलिंपिकमध्ये ती सानियाची जोडीदार होती. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेने बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत महाविद्यालयीन टेनिस खेळून आला आणि २०२४मध्ये त्याने ऋत्विक बोल्लीपल्लीसह अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सांघिक लढतींत दुहेरीचा स्वतंत्र गुण असतो. त्यामुळे तिथून येणाऱ्या खेळाडूंना दुहेरीचे पायाभूत शिक्षण मिळालेले असते. ब्रायन बंधूही स्टॅनफर्ड विद्यापीठातून आले होते.

या यशाकडे पाहण्याच्या भारतात दोन दृष्टी आहेत. एका दृष्टीने दुहेरीतल्या यशामुळे एकेरीतली उणीव झाकली गेली. प्रायोजक, संघटना आणि तरुण खेळाडू सोप्या वाटेकडे वळले. दुसरी दृष्टी सांगते की एकेरीचा खेळाडू घडवण्यासाठी लागणारा पैसा, परदेशी प्रशिक्षण आणि सततचा प्रवास ज्या देशात थोड्यांनाच परवडतो, तिथे दुहेरीने अनेकांना खेळात टिकवून ठेवले. दुहेरी नसती तर ते खेळाडू एकेरीत वर गेले असते असे नव्हे. त्यांनी टेनिसच सोडले असते. भारतीय दुहेरी खेळाडूंना प्रशिक्षक आणि फिजिओ मिळावेत म्हणून बोपण्णाने स्वतः एक उपक्रम सुरू केला. व्यवस्थेने द्यायला हवे ते एका खेळाडूला उभारावे लागले, यातून या दुसऱ्या दृष्टीला बळ मिळते आणि तिची मर्यादाही दिसते.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न उत्पन्नाच्या मोजमापाचा. स्पर्धेचे तिकीट दिवसाचे असते, सामन्याचे नाही. त्यातला किती भाग दुहेरीमुळे आला, हे वेगळे काढता येत नाही. त्यामुळे ‘दुहेरी आपला खर्च भागवत नाही’ आणि ‘दुहेरीला तिचा वाटा मिळत नाही’ ही दोन्ही विधाने ठामपणे केली जातात आणि दोन्ही तपासता येत नाहीत. चर्चा पुढे जायची तर आधी हा हिशेब समोर यायला हवा.

दुसरा प्रश्न अमेरिकन ओपनच्या प्रयोगाच्या अर्थाचा. मोठ्या नावांनी गर्दी येते हे त्यातून दिसले. ती गर्दी पुढे नेहमीच्या दुहेरीकडे वळेल का, हे एका वर्षातून कळणार नाही. दोन दिवसांच्या उत्सवाने वर्षभराच्या पेशाला काय दिले, याची मोजणी निदान काही हंगामांनंतरच करता येईल.

तिसरा प्रश्न खालच्या पायऱ्यांचा. सगळा वाद मोठ्या स्पर्धांभोवती फिरतो, पण कारकिर्दी अडतात त्या चॅलेंजरच्या पातळीवर. किमान उत्पन्नाची योजना दुहेरीपर्यंत न्यायची का, न्यायची तर पहिल्या किती खेळाडूंपर्यंत, यावर ठोस प्रस्ताव समोर आलेला दिसत नाही.

चौथा प्रश्न तरुणांचा. अठरा वर्षांच्या खेळाडूने सुरुवातीपासून दुहेरी निवडावी का? बहुतेक प्रशिक्षक आजही आधी एकेरीच सांगतात. सर्व्हिस, परतीचा फटका आणि सामन्याचा ताण पेलण्याची ताकद तिथे घडते म्हणून, आणि एकेरीची क्रमवारी दुहेरीचे दारही उघडते म्हणून. प्रवेशाचे नियम बदलले, तर हा सल्लाही बदलेल.

या चारही प्रश्नांच्या तळाशी एकच मुद्दा आहे. दुहेरीचे कसब स्वतंत्र आहे हे कोर्टावर पुन्हा पुन्हा सिद्ध झाले, पण त्या कसबावर जगण्याचा हक्क अजून एकेरीच्या क्रमवारीला बांधलेला आहे. सामने लहान करणे, संगीत लावणे, मोठी नावे आणणे हे बदल करून पाहायला हरकत नाही, ते जमतील किंवा जमणार नाहीत. प्रत्येक बदलाला एक कसोटी मात्र लावायला हवी : जी जोडी वर्षभर दुहेरी खेळून, जिंकून क्रमवारीत वर आली, तिला त्या क्रमवारीच्या बळावर पुढच्या आठवड्यात ड्रॉमध्ये जागा मिळते का? याचे उत्तर ‘हो’ असेल तोवर दुहेरी हा पेशा राहील आणि त्यातून पुढचे बोपण्णा घडतील. उत्तर ‘नाही’ झाले, तर स्टेडियम कितीही भरली, तरी दुहेरी एकेरीच्या खेळाडूंच्या मोकळ्या वेळेतली करमणूक होऊन बसेल. भारतासारख्या देशाचे त्यात सर्वांत जास्त नुकसान आहे. म्हणून या चर्चेत भारतीय टेनिस संघटनांनी आणि माजी खेळाडूंनी आपले म्हणणे आत्ताच, नियम पक्के होण्याआधी मांडले पाहिजे.